धाकटी रेघ

बारामतीच्या मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात नेवसे मास्तर चहा प्यायला गेले की आधी रिकामा कप मागवायचे. तो पाण्यानं काठोकाठ भरायचे. मग कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली, खुणा कोरलेली काचेची नळी निघायची. कपातलं पाणी नळीत, नळी डोळ्यांच्या रेषेत. ओठ हलायचे. एवढं झालं की चहा.

हॉटेलवाला वैतागायचा. एकदा तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, गिऱ्हाईक बघतंय. चहा प्या, मोजू नका."

"मोजलं न्हाय तर प्यालो किती ते कसं कळंल?" मास्तर म्हणाले, आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुझा ह्यो नवा कप जुन्यापरास दोन घोट कमी हाय. बुड जाड केलंय आतनं."

आम्ही विद्यार्थी शेजारच्या बाकावर मान खाली घालून बसलेलो असायचो. मला त्यांची लाज वाटायची. कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा मी. चारचौघांत असं कुणी वागत नाही, एवढं मला कळत होतं.

मास्तर गेले हे मला परवा बाजारात कुणाकडून तरी कळलं. घरी आलो, पिशवी ठेवली आणि लिहायला बसलो. त्यांच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट वगळून लिहिता येणार नाही. ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. मी मुळात कमी बोलतो, असं लोक म्हणतात. ते कशामुळं, हे त्यांना ठाऊक नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. बारामतीत काही बागायतदारांनी आणि वकिलांनी मिळून एक लहानशी उद्योगशाळा काढली होती. सुतारकाम, लोहारकाम आणि तिसरा आमचा, डिझाइनचा वर्ग. आम्ही दौतींची, फुलदाण्यांची, साबणाच्या डब्यांची चित्रं काढायचो, रंगवायचो, भिंतीवर टांगायचो. त्या वस्तू बनतात कशा, याच्याशी आमचा संबंध नव्हता. मग संचालकांपैकी कुणाच्या तरी मनात आलं आणि मुंबईहून एक हातानं चालवायचं प्लॅस्टिकचं यंत्र आलं. यंत्रामागोमाग मास्तर आले. मूळचे वडगाव निंबाळकरचे, माळवं, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. मुंबईत बटणांच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून परतलेले. अंगानं वाळकुडे, बोलायला तिखट, आणि स्वतःच्या कामाचा त्यांना भरपूर गर्व होता.

यंत्र म्हणजे एक उभा लोखंडी खांब, त्याच्यावर विजेनं तापणारं नळकांडं आणि त्याला लांब दांडा. नळकांड्यात दाणा टाकायचा. तांदळाएवढे काचेसारखे कण. मुंबईहून पोत्यातून यायचे. दाणा वितळला की दांडा अंगाचा भार टाकून दाबायचा, म्हणजे रस खालच्या पोलादी साच्यात उतरायचा. साच्याचे दोन भाग. वस्तूला बाहेरून आकार देणारी मादी आणि आत पोकळी ठेवणारा नर. हे शब्द पहिल्या दिवशी ऐकले तेव्हा मागं कुणीतरी खुदकलं.

"हसून घ्या," मास्तर म्हणाले. "एकदा बोट सापडलं मंजी हसू येत न्हाय."

रस साच्यात गेला की तो निवेपर्यंत थांबायचं. किती थांबायचं, यासाठी त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. औटकीचा, म्हणजे साडेतीनचा, पाढा होता. औट, सात, साडेदहा, चौदा. लहान वस्तूला अर्धा पाढा, जाड बुडाच्या वस्तूला पुरा. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. लोहारकामाची मुलं खिडकीतून वाकून विचारायची, "काय रं, बिगारीत घातलं व्हय तुमास्नी?"

मास्तरांचं दुसरं वेड म्हणजे वस्तू साच्यातून बाहेर कशी येणार हा प्रश्न. मी एकदा दौतीचं चित्र काढलं होतं. भिंती अगदी ओळंब्यात, सरळ. सुंदर दिसत होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "आत जाईल. भायेर कसं यील?" मग त्यांनी सगळ्या वर्गाला वडगावला गुऱ्हाळावर नेलं.

चुलवाणावर काहिली रटरटत होती. गुळव्या मास्तरांच्या भावकीतलाच होता. म्हणाला, "काय यशवंतराव, ममईत बटणं पाडून कटाळलासा आन आता ढेप बघाय आलासा व्हय?" मास्तरांनी ते ऐकलंच नाही. कडक झालेली ढेप बादलीतून काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला पुढं ओढलं. गुळव्यानं बादली पालथी केली, बुडावर थाप मारली, ढेप अलगद खाली उतरली. बादली वर रुंद, खाली अरुंद.

"बादली सरळ असती तर?" मास्तरांनी विचारलं.

"फोडायला लागली असती," मी म्हणालो.

"काय? ढेप का बादली?"

सगळे हसले. मला ते हसणं लागलं, पण त्या दिवसानंतर मी एकही सरळ भिंत काढली नाही. परत येताना मोटारीत त्यांनी माझ्या हातात गुळाचा खडा दिला. मी डाव्या हातानं घेतला. ते म्हणाले, "तू डावरा हायेस व्हय. मग तुझं काम मला आंधारातबी वळखाय येईल. डावऱ्याची कानस उलटी चालती. तिचे वरखडे उलट्या अंगाला पडत्यात." तेव्हापासून मी त्यांचा 'डावऱ्या' झालो. यंत्राच्या दांड्याची मूठ त्यांनी माझ्यासाठी फिरवून घेतली होती. हे कौतुक होतं. तोंडानं ते कधी कौतुक करत नसत.

औषधाच्या पेल्याची कल्पना इंदापूरच्या डॉक्टरांमुळं निघाली. त्यांचा दवाखाना मोठा चालायचा. लासुर्णे, शेळगावपासून लोक यायचे. त्या काळी मिक्श्चरची बाटली आणि तिच्यावर कातरलेल्या कागदाची पट्टी मिळायची. एका कापापासून दुसऱ्यापर्यंत एक डोस. पट्टी ओली व्हायची, गळून पडायची. मग कुणी चमच्यानं द्यायचं, कुणी पळीनं, कुणी थेट बाटलीनं. पोरांच्या हगवणीच्या औषधात अफूचा अंश असायचा; जास्त गेलं तर पोर गुंगीत जायचं. डॉक्टर म्हणाले, एखादा मापाचा पेला करून देता का?

मास्तरांना जणू हेच हवं होतं. वर्गात कितीतरी दिवस दुसरं काहीच झालं नाही. वर रुंद, खाली निमुळता पेला. वाचता न येणाऱ्या बाईलाही समजावं म्हणून आकडे नाहीत, आतून बोटाला लागतील अशा दोन रेघा. वरची थोरली रेघ मोठ्या माणसाची, खालची धाकटी रेघ पोराची. पेल्यात उंचवटा यायचा तर नरावर तेवढी खाच हवी. आणि खाच खोल झाली की पेला नरावर अडकून बसतो. ती केसाएवढी उथळ ठेवायला मास्तरांनी भिंग लावून, श्वास धरून काम केलं. नियम एकच घातला. यंत्र एकदा तापवून जेवढे पेले निघतील तो एक ताप; प्रत्येक तापाचा पहिला पेला आणि शेवटचा पेला रेघेपर्यंत पाण्यानं भरायचा आणि नळीत ओतून बघायचा.

"मधले?" बबननं विचारलं होतं. बबन लासुर्ण्याचा, ऊसवाल्यांच्या घरातला, वर्गात माझ्या शेजारी बसणारा.

"पयला आन शेवटचा बरुबर असला मंजी मधले बरुबर. आन शेवटचा चुकला तर सगळे चुकले. मग ते द्यायचे न्हाईत."

पेले न्यायला डॉक्टरांचा माणूस संध्याकाळच्या मोटारीनं यायचा होता. त्याच दिवशी सकाळी वडगावहून निरोप आला, मास्तरांचे चुलते वारले. ते तसेच निघाले. जाताना काचेची नळी त्यांनी माझ्या हातात दिली. बबनच्या नाही, दुसऱ्या कुणाच्या नाही.

पहिला पेला मी मोजला. तंतोतंत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं 'मोजला' म्हणताना मी मनात याच मोजण्याचा आधार घेतला.

दुपारी बाकीचे जेवायला गेले. मी एकटाच एक पेला दाबत होतो, तेवढ्यात वीज गेली. मी तारेकडं, दिव्याकडं बघत राहिलो. पाढा म्हणायचा राहिला, साचा उघडायचा राहिला. उघडला तेव्हा पेला निवून आकसला होता आणि नरावर आवळून बसला होता. थोडा शेक दिला असता तर सुटला असता. मी पेचकस घालून उचकटला. पेला फुटला, आणि नरावर, नेमका धाकट्या रेघेवर, आडवा ओरखडा गेला.

ओरखडा राहिला असता तर प्रत्येक पेल्यावर उमटला असता. मास्तरांना दिसला असता. मी कानस घेतली, मग घासपेपर. ओरखडा गेला; त्याच्याबरोबर धाकटी रेघही गेली. मी ती पुन्हा कापली. मापाशिवाय, नुसत्या डोळ्यानं. माझा डोळा चांगला आहे असं सगळे म्हणायचे.

वीज आली, मुलं आली. बबननं दांडा घेतला, मी दाणा भरत राहिलो. औट, सात, साडेदहा. पेले सुरेख निघत होते. शेवटचा पेला मी मोजला नाही. नळी खिशात होती. हात तिकडं गेलाही होता. मोजला आणि चुकीचा निघाला तर काय, या एका विचारानं मी तो परत घेतला. मोटार यायची वेळ झाली होती, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. वेळ होता.

पेले गेले. बबननं एक मागून घेतला. त्याच्या थोरल्या भावाचा दत्तू, नुकता चालायला लागलेला, हगवणीनं बेजार होता आणि डॉक्टरांची बाटली घरात होती. "वैनीला सांगतो, म्या सोता पाडलाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर डोक्याला टापसी बांधून आले. सुतक होतं तरी आले. पहिला प्रश्न, "शेवटचा मोजलास?"

"मोजला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि नळी परत घेतली.

बबन आला नव्हता. दुपारी लासुर्ण्याचा एक उसाचा गाडीवाला शाळेच्या दारात थांबला. बबनचा निरोप होता, आज येत नाही, पोरगं रात्री नव्या पेल्यानं औषिद घेतल्यापासनं झोपलंय, हलवलं तरी डोळं उघडत न्हाय. आम्ही पाढ्याच्या मधे होतो. मास्तरांनी हात वर केला. वर्ग चौदावर थांबला.

त्यांनी फळीवरून कालचा उरलेला पेला उचलला. माठातून पाणी घेतलं. धाकट्या रेघेपर्यंत भरलं. नळीत ओतलं. नळी डोळ्यांच्या रेषेत आणली आणि तशीच धरून ठेवली. पेला तळाशी अरुंद. तिथं रेघ नखभर वर सरकली तरी औषध दीडपट होतं. मला हे हिशेब करून सांगायची गरज नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो.

ते ओरडले नाहीत. साचा उघडून त्यांनी नर सोडवला आणि कोटाच्या खिशात टाकला. मला म्हणाले, "चल."

आधी पोस्टात. इंदापूरला डॉक्टरांना तार केली. पेले थांबवा, रेघ चुकली, लासुर्ण्याला पोर बेशुद्ध, निघा. तारमास्तरांना ते शब्द मीच सांगितले; मास्तर तोवर रस्त्यावर गाडी बघत उभे होते. मग साखर कारखान्याकडं जाणारी एक रिकामी लॉरी हात करून थांबवली.

लॉरीत ते ड्रायव्हरच्या शेजारी, मी त्यांच्या शेजारी. कालव्याचा रस्ता, दोन्हीकडं ऊस. बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून नर काढला आणि अंगठ्याचं नख त्या खाचेवरून फिरवलं. उजेडाकडं तिरका धरला. पुन्हा नख फिरवलं. मग त्यांनी माझ्या मांडीवरच्या डाव्या हाताकडं पाहिलं. तोंडाकडं नाही. हाताकडंच. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. त्यांनी नर खिशात ठेवला आणि समोर बघत राहिले.

बबनच्या घरी सोप्यात माणसं दाटली होती. वहिनीच्या मांडीवर दत्तू. ओठ निळसर, श्वास इतका लांब पल्ल्याचा की दोन श्वासांच्या मधे सगळं घर थांबायचं. म्हातारी त्याच्या तळपायाला चापट्या मारत होती. बबन उठून आला. त्याच्या हातात तो पेला होता.

"मास्तर, रेघंपतूरच दिलंय. बोटानं चाचपून दिलंय. एक थेंब जास्ती न्हाय."

वहिनीनं वर बघून तेच सांगितलं. सगळे तिलाच बोलत असणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मास्तरांनी पेला बबनच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं, म्हातारीलाही ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीचं चुकलं न्हाय. बबन, तुझंबी न्हाय. रेघ चुकली."

मग दत्तूला उचलून त्यांनी अंगणात फिरवायला सुरुवात केली. झोपू द्यायचं नाही. गालावर चापट, तोंडावर पाणी, कानाशी बोलणं. काय बोलत होते? औटकी. औट, सात, साडेदहा, चौदा. पाढा संपला की पुन्हा पहिल्यापासून. पोराची मान कलली की जास्त मोठ्यानं. मी कुंपणाशी उभा. मला कुणी काही काम सांगितलं नाही.

डॉक्टर आपल्या मोटारीतून आले. इंजेक्शन दिलं, पोटातलं काढलं, चुलीवर काळी कॉफी करायला लावली आणि चमच्या-चमच्यानं पाजली. वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा दत्तू चिडून, पाय झाडून, मोठ्यानं रडला. तसलं रडू मी पुन्हा ऐकलेलं नाही. वहिनी जमिनीवर डोकं टेकून राहिली.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "नेवसे, मोजलं कुणी होतं?"

"म्या," मास्तर म्हणाले.

मी तिथंच होतो. डॉक्टर, मास्तर, बबन आणि मी. एवढ्या चौघांत तो शब्द पडला आणि मी तो उचलला नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यातून काही पेले शेळगावला गेले होते. ते मास्तरांनी घरोघरी फिरून स्वतः गोळा केले. बायका द्यायला तयार नव्हत्या. असली पाण्यासारखी नितळ वस्तू त्यांनी पाहिलेली नव्हती. एका म्हातारीनं त्यात कुंकू भरून देवापुढं ठेवलं होतं. ती म्हणाली, "औषिदाला न्हाय वापरत, कुक्वाला ऱ्हाऊ द्या." मास्तर म्हणाले, "आज्जे, आज कुकू हाय. उद्या सून औषिद घालील." पेला त्यांनी घेतलाच. दुसऱ्या दिवशी तिला पितळी करंडा नेऊन दिला.

मग संचालकांची बैठक. आम्हाला दारात उभं केलं होतं. एका वकिलांनी विचारलं, यंत्रावर त्या दिवशी कोण होतं? मास्तर म्हणाले, "वर्ग हुता. पर मोजायचा नेम माझा. नेम माझा, तर चूकबी माझी." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. यंत्रावर गोणपाट पडलं आणि महिन्याभरात ते विकलं गेलं. आम्ही पुन्हा दौतींची चित्रं काढू लागलो. त्याच संचालकांच्या शिफारशीवर मी मुंबईला चित्रकलेच्या शिक्षणासाठी गेलो. पुढं जन्मभर मी डब्यांवरची, बाटल्यांवरची चित्रं काढली. लोक म्हणतात, काम स्वच्छ असतं.

मुंबईहून सुट्टीत आलो असताना कळलं की मास्तरांनी इंदापुरात एक पत्र्याची शेड घेऊन जुनं हातयंत्र बसवलं आहे. सांगायचं ठरवूनच गेलो. मोटारीत वाक्य जुळवत होतो. शेड स्टँडच्या समोरच होती. दारातून आधी औटकी ऐकू आली. एकच आवाज, आणि तो बबनचा होता.

बबन दांड्यावर होता. मला बघून त्याचा पाढा चुकला. "आरं ममईवाला!" म्हणून त्यानं घामट हातानंच माझा खांदा धरला. दत्तू शाळेत जातो, म्हणाला. वहिनी विचारत असते, मास्तरांबरोबर आलेला तो कारकुनाचा पोरगा कुठं असतो. मी हसलो बहुधा.

मास्तर स्टुलावर बसून पेल्यांचे देठ, रस उतरतो तिथं राहिलेली टोकं, कापत होते. तोच पेला, डॉक्टरांसाठीच. डॉक्टरांनी पुन्हा त्यांनाच काम दिलं होतं. धाकट्या रेघेवर बोट ठेवलं तर ती आता जागेवर होती.

"मास्तर," मी म्हणालो, "मला एक सांगायचं..."

"भायेर आलं का?" त्यांनी बबनला विचारलं. साचा उघडला होता. तापाचा शेवटचा पेला होता तो. अजून ऊन, देठासकट. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि खिशातून रुमाल काढून, उलगडून, नळी पुढं केली.

"मोज."

मी माठातलं पाणी घेतलं. धाकट्या रेघेपर्यंत भरलं. दोनदा ओतून पुन्हा भरलं. नळी डोळ्यांच्या रेषेत आणली. मास्तर नळीकडं बघत नव्हते. बबन दांडा धरून उभा होता. मी जे सांगायला आलो होतो ते त्या वेळी सांगता आलं असतं; त्याहून चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांनी रुमालाची घडी घातली. मी पुढं काही बोलतो का, याची वाट बघत असावेत. मग म्हणाले, "बरं."

चहा झाला. मोटारीची वेळ झाली. बबन स्टँडपर्यंत आला, माझी पिशवी वर टाकून परत गेला. बबन, तू हे वाचलंस किंवा तुला कुणी वाचून दाखवलं, तर रेघ मी कापली होती आणि शेवटचा पेला मोजला नव्हता. वहिनींना सांग.

मोटार वळण घेताना खिडकीतून शेडचं दार दिसलं. मास्तर उजेडात येऊन उभे होते. एका हातात मी मोजलेला पेला, दुसऱ्यात नळी. मी मोजलेलं पाणी त्यांनी जमिनीवर ओतून टाकलं. मग माठाकडं वाकले, पेला पुन्हा भरला, नळीत ओतला आणि नळी हळूहळू डोळ्यांच्या रेषेत आणली.